पुडीवरचे ९८ टक्के

गेल्या श्रावणातील अखेरच्या सोमवारी जुने शहर नेहमीप्रमाणे गजबजून गेले होते. गांधीग्रामच्या पूर्णेचे जल कावडीत भरून, रात्रभर पायी चालत, शिवभक्तांची पथके राजराजेश्वराच्या दिशेने येत होती. या दिवशी आमच्या घरी खेड्यावरची नातलग मंडळी उतरतात. हा शिरस्ता वडिलांच्या काळापासूनचा. बाळापूर तालुक्यात शेती करणारा माझा पुतण्या कावडीबरोबर आला. आंघोळ-फराळ आटोपल्यावर त्याने पिशवीतून एक चकचकीत पुडी काढून माझ्यापुढे ठेवली. "काकाजी, तुमी पेपरात लिहिता. मंग सांगा बरं, हे ९८ टक्के म्हंजे कायचे?"

पुडी 'ह्युमिक'ची होती. काळी, चमकदार, खड्यांसारखी भुकटी. पुढच्या बाजूस हिरवेगार कपाशीचे झाड, पांढऱ्या मुळ्यांचे जाळे आणि सोनेरी अक्षरांत ९८%. युरिया घ्यायला गेला असता कृषी सेवा केंद्रात ती त्याच्या माथी मारण्यात आली होती. खेड्यात याला 'लिंकिंग' म्हणतात. एका पोत्यावर एक पुडी, नाहीतर पोतेही नाही!

मी कलाशाखेचा पदवीधर. रसायनशास्त्राशी माझा संबंध अकरावीपूर्वीच संपला. परंतु पुतण्याच्या प्रश्नाला 'मला ठाऊक नाही' असे उत्तर देऊन भागणार नव्हते. म्हणून भिंग घेऊन पुडीची मागची बाजू वाचली. तेथे बारीक इंग्रजी अक्षरांत खुलासा होता की ९८ टक्के हा आकडा पाण्यात विरघळण्याचा आहे. म्हणजे शंभर ग्रॅम भुकटीतील ९८ ग्रॅम पाण्यात विरघळते, एवढेच. अशा हिशेबाने मीठ आणि साखरही जवळजवळ शंभर टक्के ठरतील. ह्युमिक आम्लाचे प्रमाण त्याखाली, आणखी बारीक अक्षरांत, पुष्कळच कमी दिले होते; तेही 'शुष्क आधारावर', म्हणजे भुकटीतील ओलावा वजा करून. शब्दशः पाहता पुडीवर खोटे काहीच छापलेले नव्हते. फक्त ते कोणाला कळू नये अशी व्यवस्था होती.

येथवरची गोष्ट कोणत्याही ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्याला नवी नाही. परंतु खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. मागच्या बाजूचा तो लहान आकडा तरी खरा कशावरून मानायचा? या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवणे अगत्याचे वाटते. कारण आपल्यापैकी बहुतेकांचे कोणी ना कोणी अजून शेतीत आहे.

प्रथम हा पदार्थ येतो कोठून ते पाहू. त्याचे मूळ बहुधा कोळशात असते. कोळसा म्हटला की अकोलेकरांना पारस आठवते. तेथील अडीचशे मेगावॉटच्या दोन संचांमध्ये जळतो तो विदर्भातील खाणींसारखाच गोंडवनी काळातला, पंचवीस कोटी वर्षांहून जुना, पक्व झालेला दगडी कोळसा. त्यातून ह्युमिक आम्ल जवळजवळ निघत नाही. ते निघते कोवळ्या कोळशातून. वनस्पती कुजून प्रथम पीट होते, मग तपकिरी लिग्नाइट, मग दगडी कोळसा. आणि जसजशी पक्वता वाढते तसतशी अल्कलीत विरघळणारी ही आम्ले नाहीशी होत जातात. उलट, लिग्नाइटचा थर जमिनीलगत येऊन हवापाण्याने झिजला, त्यात प्राणवायू मुरला, की त्यांचे प्रमाण वाढते. अशा झिजलेल्या लिग्नाइटला अमेरिकेतील नॉर्थ डाकोटा राज्याचे भूवैज्ञानिक लिओनार्ड यांच्या नावावरून 'लिओनार्डाइट' म्हणतात. जगातील उत्तम प्रतीचे ह्युमिक यापासूनच काढले जाते. आपल्याकडे लिग्नाइट आहे ते तामिळनाडूत नेव्हेलीला, गुजरातेत कच्छकडे आणि राजस्थानात बाडमेर-बिकानेरच्या पट्ट्यात. नेव्हेलीच्या लिग्नाइटमधून काढलेल्या ह्युमिक आम्लावर तामिळनाडूच्या कृषी विद्यापीठात प्रयोगही झालेले आहेत.

काढण्याची रीत जुनी आहे. जर्मन रसायनज्ञ आखार्ड याने १७८६ मध्ये पीटमध्ये अल्कली घालून तो काळा अर्क वेगळा केला आणि त्यात आम्ल ओतून गाळ खाली बसवला. आजही मूळ कृती तीच. कोळशाची भुकटी दाहक अल्कलीत ढवळायची. जे विरघळत नाही ते 'ह्युमिन', ते टाकून द्यायचे. काळ्या द्रावात तीव्र आम्ल घालायचे. जो तपकिरी गाळ खाली बसतो त्याला ह्युमिक आम्ल म्हणायचे आणि वर जे पिवळसर पाणी उरते त्यातल्या भागाला फुल्विक आम्ल. हे दुसरे नाव स्वीडिश शास्त्रज्ञ ओदेन याने १९१९ मध्ये दिले. गाळ पुन्हा पोटॅशच्या अल्कलीत विरघळवून वाळवला की पुडीतली ती चमकदार भुकटी, पोटॅशियम ह्युमेट, तयार होते.

वाचकांच्या लक्षात एक गोष्ट आली असेल. या व्याख्येत पदार्थ काय आहे हे कोठेच सांगितलेले नाही. तो कसा काढला, एवढेच सांगितले आहे. युरिया हा एक निश्चित रेणू आहे. त्याला सूत्र आहे, त्यात नत्र ४६ टक्के, मग तो थळला बनो की ट्रॉम्बेला. ह्युमिक आम्लाला असे सूत्र नाही. ते असंख्य लहानमोठ्या, परस्परांपासून भिन्न रेणूंचे मिश्रण असते आणि प्रत्येक खाणीचे वेगळे असते. किंबहुना २०१५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात लेहमन आणि क्लेबर या शास्त्रज्ञांनी असा युक्तिवाद केला की मातीत असे 'ह्युमिक पदार्थ' त्या रूपात नसतातच. तीव्र अल्कलीने आपणच त्यांना ते रूप देतो. हा वाद अजून मिटलेला नाही. पण व्यवहाराच्या दृष्टीने त्यातून निघणारी गोष्ट स्पष्ट आहे. ज्याची व्याख्याच काढण्याच्या पद्धतीवर उभी आहे, त्याचे प्रमाण मोजण्याची पद्धत बदलली की आकडाही बदलणार.

आणि पद्धती एक नाहीत. सर्वांत सोपी रंगाची. द्राव किती काळा आहे ते यंत्राने पाहायचे, एका ठरावीक नमुन्याशी तुलना करायची आणि आकडा लिहायचा. काम काही मिनिटांचे, खर्च कमी. परंतु रंग फक्त ह्युमिकलाच असतो असे थोडेच आहे? कागदाच्या लगद्यातून उरणारे लिग्नोसल्फोनेट काळपट, साखर कारखान्यातली मळी काळपट. त्यांचाही रंग हिशेबात धरला जातो. शिवाय कोळशातले ह्युमिक आणि कंपोस्टमधले ह्युमिक समान वजनाला समान काळे नसते. दुसरी पद्धत वजनाची. कॅलिफोर्निया राज्याच्या कृषी खात्याची रीत त्यातलीच. आम्लाने बसलेला गाळ वाळवून तोलायचा. ही रंगापेक्षा बरी, कारण लिग्नोसल्फोनेट आम्लात खाली बसत नाही. मात्र गाळाबरोबर माती-क्षारही येतात आणि तेही ह्युमिकच्याच भावाने तोलले जातात. हा दोष काढण्यासाठी लामार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये नवी प्रमाण पद्धत प्रसिद्ध केली. तीत वाळलेला गाळ जाळून राख वजा करतात. फुल्विकसाठी उरलेले पाणी एका विशिष्ट रेझिनच्या नळीतून सोडतात, म्हणजे साखरेसारखे पदार्थ निघून जातात. २०१८ मध्ये याच पद्धतीवर आधारित आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १९८२२ निघाले. या पद्धतीलाही मर्यादा आहेत, पण निदान ती सर्वांना सारखी लागू होते.

आमच्या ओळखीचे एक रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत. पुतण्याच्या पुडीतली चिमूटभर भुकटी त्यांच्याकडे नेली. त्यांनी ती अल्कलीत विरघळवली, न विरघळलेला भाग गाळून काढला, आम्ल घातले. क्षणार्धात काळ्या पाण्यात तपकिरी फुटी दिसू लागल्या. "म्हणजे भोंदूपणा नाही, आत ह्युमिक आहे," ते म्हणाले. रात्रभर गाळ बसू दिला, दुसऱ्या दिवशी वाळवून तोलला, मग भट्टीत जाळून राख तोलली. एका पुडीवरून निघालेला आकडा छापणे योग्य नव्हे, म्हणून तो देत नाही. मात्र राख वजा करण्यापूर्वीचा आणि नंतरचा आकडा यांत बरेच अंतर होते आणि सोनेरी ९८ च्या जवळपास त्यांतला एकही नव्हता.

आता कोणी म्हणेल, आकडा काही का असेना, पिकाला गुण आला की झाले. हा युक्तिवाद मी झटकून टाकणार नाही. रोझ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये जगभरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात ह्युमिक दिलेल्या रोपांच्या वरच्या भागाचे कोरडे वजन सरासरी २२ टक्के आणि मुळांचे २१ टक्के अधिक आढळले. मुळ्यांचे चित्र पुडीवर उगीच नाही! पण त्याच आढाव्यात हेही आहे की परिणाम हा ह्युमिक कोणत्या स्रोताचे, किती दिले, कोणत्या पिकाला, कशा परिस्थितीत, यावर फार बदलतो. शिवाय त्यांतले पुष्कळ प्रयोग कुंड्यांतले आणि नियंत्रित वातावरणातले. कुंडीतले रोप आणि बाळापूरच्या कोरडवाहू शेतातली, जुलैत पावसाने ताण दिलेली कपाशी यांत फरक करायला कृषिशास्त्राची पदवी लागत नाही. स्रोत आणि मात्रा यांवर गुण अवलंबून असेल, तर स्रोत न सांगणारी आणि मात्रा फुगवून सांगणारी पुडी गुण येण्याची शक्यताही स्वतःच मारून टाकते.

दुकानदाराचा दुसरा दावा मात्र नुसत्या अंकगणितानेच निकालात निघतो. 'याने जमिनीचा पोत सुधारतो, सेंद्रिय कर्ब वाढतो.' एक एकर शेतातल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन साधारण आठ ते नऊ लाख किलो भरते. त्यात सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का धरला तरी तो चार हजार किलोंच्या पुढे जातो. त्यात पुडीतले एक किलो ह्युमिक, तेही सगळेच्या सगळे कर्ब आहे असे मानले तरी, समुद्रात चूळ टाकण्यासारखे आहे. कर्ब अर्ध्या टक्क्यावरून ०.६ वर न्यायचा तर आठशेहून अधिक किलो कर्ब मातीत टिकला पाहिजे. तो शेणखतातून, कुटारातून, पऱ्हाटीच्या खतातून वर्षानुवर्षे घातल्याने येतो आणि वऱ्हाडच्या उन्हात त्यातलाही मोठा भाग जळून जातो. आपली माती काळी आहे म्हणून ती कर्बाने समृद्ध असेल, हाही एक गोड गैरसमज. काळ्या कापसाच्या जमिनीत रंगाच्या मानाने सेंद्रिय कर्ब कमीच असतो. रंगावरून प्रमाण ठरवू नये, हे प्रयोगशाळेतल्या द्रावाइतकेच शेतालाही लागू आहे.

जाता जाता एक स्थानिक मुद्दा. ज्या पूर्णेचे जल आपण श्रावणात राजराजेश्वराला अर्पण करतो, तिच्याच खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांचा खारपाणपट्टा पसरला आहे. ह्युमेटला जड पाणी मानवत नाही. पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमशी संयोग होऊन ते गाळ बनून टाकीच्या तळाशी बसते. कॅल्शियम नायट्रेटबरोबर एकाच टाकीत मिसळले तरी तेच. पुतण्याच्या ठिबकच्या नळ्या का तुंबल्या याचा उलगडा मला येथे झाला. पुडीवर हा इशारा कोणत्याही भाषेत नव्हता.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून 'जैव उत्तेजके' प्रथमच कायद्याच्या कक्षेत आणली गेली. त्यांत ह्युमिक व फुल्विक आम्लांचा स्वतंत्र वर्ग आहे. उत्पादकाने परिणामकारकतेच्या चाचण्या आणि विषारीपणाची माहिती द्यावी अशी अट आली. पुढे चार वर्षे तात्पुरत्या नोंदणीवर मुदतवाढी मिळत राहिल्या. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनीच सांगितले की सुमारे ३० हजार उत्पादने वर्षानुवर्षे विनातपासणी विकली जात होती, त्यानंतरही ८ हजारांच्या आसपास बाजारात राहिली आणि कडक छाननीनंतर ती संख्या ६५० च्या जवळ आली. त्याच महिन्यात त्यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून, अनुदानित खतांबरोबर अशा वस्तू बळजबरीने विकण्यास आळा घालण्यास सांगितले. तीस हजारांवरून साडेसहाशे! हा आकडा अभिनंदनीय म्हणायचा, की त्याआधीच्या वर्षांत शेतकऱ्याच्या खिशातून काय काय गेले याची कबुली म्हणायची, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते.

पण उरलेल्या साडेसहाशेंचे तरी काय? नोंदणी ही दारातली तपासणी झाली. दुकानातल्या पुडीत नंतर काय भरले जाते, ते जिल्ह्याच्या पातळीवर तपासता आले पाहिजे. युरियाच्या पोत्याचा नमुना निरीक्षक घेतो, प्रयोगशाळा नत्र मोजते आणि निकालावर न्यायालयात उभे राहता येते, कारण नत्र मोजण्याची रीत वादातीत आहे. ह्युमिकच्या बाबतीत निरीक्षकाची प्रयोगशाळा एका पद्धतीने मोजणार आणि कंपनीचा वकील दुसऱ्या पद्धतीचा कागद पुढे करणार. म्हणून माझी मागणी लहान आहे. पुडीच्या दर्शनी बाजूस, मराठीत, चार गोष्टी छापणे सक्तीचे असावे: ह्युमिक आम्लाचे राख वजा जाता प्रमाण, ते कोणत्या पद्धतीने मोजले, ओलावा किती आणि कच्चा माल कोठला. विद्राव्यतेचा आकडा छापायचाच असेल तर तो मागे, बारीक अक्षरांत जावा. जागांची अदलाबदल करा, एवढेच म्हणणे आहे.

याच ओघात आणखी एक गोष्ट सुचते. जगभरच्या संशोधक प्रयोगशाळा तुलनेसाठी नॉर्थ डाकोटाच्या लिओनार्डाइटमधून काढलेला प्रमाण नमुना वापरतात. आंतरराष्ट्रीय ह्युमिक पदार्थ संस्था तो पुरवते. ती संस्था चांगली आहे, नमुनाही चांगला. परंतु नेव्हेलीचे आणि कच्छचे लिग्नाइट वेगळे, त्यांची आम्ले वेगळी. भारतीय शेतात भारतीय कोळशाचे ह्युमिक जाणार असेल, तर त्याचा प्रमाण नमुना भारतीय कोळशाचा का नसावा? डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचे कृषी विद्यापीठ १९६९ पासून याच शहरात उभे आहे. मृदाशास्त्र हा त्याचा जुना विषय. पीकनिहाय, जमीननिहाय, खारपाणपट्ट्यातले निष्कर्ष आणि नमुन्यांचे पृथक्करण यांची एक साधी मराठी पुस्तिका तेथून निघाली तर कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर ती लावता येईल. स्वदेशीचा आग्रह वस्तूपुरता असतो असे आपण मानतो. मापासाठीही तो असायला हवा.

असो. पुतण्याला मी हे सगळे दिवाळीत सांगितले. अंकगणित त्याला लगेच पटले, कारण गाडीभर शेणखत आणि किलोभर पुडी यांतला फरक त्याला माझ्यापेक्षा अधिक कळतो. रसायनशास्त्र त्याने अर्धे ऐकले. हरभऱ्याच्या पेरणीच्या वेळी तो पुन्हा त्याच दुकानात गेला, पुन्हा पोत्यावर पुडी पुढे आली आणि या वेळी त्याने विचारले, हे टक्के कोणत्या पद्धतीने मोजले? दुकानदार क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिला. "असं कोनी इचारत नाई भाऊ," म्हणाला आणि पुडीच्या मागचा कंपनीचा फोन क्रमांक दाखवला. पुतण्याने दुकानात उभ्या उभ्याच तो लावला. पलीकडच्या बाईंनी प्रश्न लिहून घेतला, गावाचे नाव, पीक आणि एकर विचारले आणि तज्ज्ञ फोन करतील असे सांगितले. पोते त्या दिवशी त्याला पुडीवाचून मिळाले. तज्ज्ञांचा फोन अजून यायचा आहे.